नगराचा पहारेकरी

जे संकट कदाचित कधीच येणार नाही, त्याची चाहूल घेण्यासाठी समाजाने किती खर्च करावा? वरवर पाहता हा प्रश्न अंदाजपत्रकाचा वाटतो. मुळात तो नीतीचा आहे. अशा संकटासाठी बाजूला काढलेला पैसा आज गरजू असलेल्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो. उलट, आलेच तर एका दिवसात शहर उजाड करील अशा संकटाकडे काणाडोळा करणे, हाही कर्तव्यद्रोहच होय. ह्या दोहोंमधून विवेकाची वाट कशी काढावी, ह्याचा विचार अमेरिकेतील एका योजनेच्या निमित्ताने करण्याचा आमचा मानस आहे.

२००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर अमेरिकेला वेगळ्याच भयाने ग्रासले : उद्या कुणी किरणोत्सारी द्रव्य वा अण्वस्त्रच चोरून एखाद्या महानगरात आणले तर? २००५ साली त्या देशाच्या गृहसुरक्षा खात्यात अशा द्रव्यांचा शोध घेणारे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले आणि २००६ मध्ये न्यू यॉर्क परिसरासाठी 'सिक्युअरिंग द सिटीज' ही योजना सुरू झाली. केंद्र सरकारने निधी, शोधयंत्रे व प्रशिक्षण पुरवावे आणि न्यू यॉर्क, न्यू जर्सी व कनेक्टिकट येथील स्थानिक यंत्रणांनी एकत्र येऊन पहारा द्यावा, असे तिचे स्वरूप. पुढे लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन, ह्यूस्टन, शिकागो ह्या महानगरांच्या परिसरांपर्यंत ती पोहोचली. २०१८ च्या डिसेंबरात तिला कायद्याचा आधार मिळाला.

ह्या रचनेत एक शहाणपण आहे. किरणोत्सर्ग महापालिकेची हद्द ओळखत नाही. म्हणून शेजारच्या शहरांनी व राज्यांनी हातात हात घालणे भाग पडते. शिवाय आपल्या गल्लीबोळांची माहिती राजधानीतील अधिकाऱ्यापेक्षा स्थानिक शिपायालाच अधिक असते. जे काम खालच्या पातळीवर नीट होते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, मात्र खालच्याचे बळ अपुरे पडेल तेथे हात द्यावा, हे ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीतील तत्त्व १९३१ साली पोप अकरावे पायस ह्यांनी मांडले. त्या कसोटीला ही योजना उतरते. परंतु हात देणाऱ्याने तो केव्हा काढून घ्यावा, हा प्रश्न उरतोच. यंत्र एकदा देऊन भागत नाही. ते जुने होते, त्याची दुरुस्ती करावी लागते, नव्या शिपायांना शिकवावे लागते. अनुदान आटल्यावर हा भार कसा पेलायचा, ही चिंता ह्या शहरांनाही भेडसावली आहे. दाराशी राखणदार बसवून त्याच्या जेवणाची सोय न करणे, हे पूर्ण दान नव्हे.

महानगरांनाच प्राधान्य का, असा आक्षेप घेतला जाईल. लहान गावातील माणसाचा जीव स्वस्त आहे काय? मुळीच नाही. परंतु जेथे दाट वस्ती तेथे हानी मोठी. धोक्याच्या प्रमाणात संरक्षण देणे हा पक्षपात नव्हे. निकष मात्र धोक्याचाच हवा, शहराच्या प्रतिष्ठेचा नको.

संत थॉमस अक्विनास ह्यांनी दूरदृष्टी आणि सावधपणा ह्यांना विवेक ह्या सद्गुणाची अंगे मानले आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात पहारेकऱ्याचे जे चित्र आहे तेही आम्हांस येथे मोलाचे वाटते. शत्रूला हरविण्याची जबाबदारी तेथे पहारेकऱ्यावर टाकलेली नाही. संकट दिसत असता तो गप्प राहिला, तर मात्र त्याला जाब द्यावा लागतो. अशा पहाऱ्यासाठी सरकारने खर्च करणे हे म्हणूनच न्याय्य आहे, असे आमचे मत आहे.

तथापि पहाऱ्याच्या मर्यादा लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अण्वस्त्रात वापरले जाणारे अतिसमृद्ध युरेनियम क्षीण किरणे सोडते. जाड शिशाच्या आवरणाआड ते यंत्राला सहज चकवू शकते. उलटपक्षी, ज्यात धोका नाही अशा वस्तूंनीही यंत्र बोलू लागते : चिनी मातीच्या फरश्या, केळ्यांनी भरलेली मालमोटार, इतकेच काय, थायरॉइडच्या विकारावर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार घेऊन घरी निघालेला रुग्णसुद्धा. यंत्र फक्त सूचना देते. न्याय माणसाला करावा लागतो. दोन प्रवाशांपाशी यंत्र सारखेच वाजले आणि एकाची चौकशी अदबीने, तर दुसऱ्याची त्याचे नाव वा वर्ण पाहून दरडावून झाली, तर नगर सुरक्षित राहील. पण शेजारधर्म बुडेल.

ह्याहून मोठा प्रश्न मुळाचा आहे. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली एका ओस पडलेल्या दवाखान्यातील उपचारयंत्र भंगारासाठी फोडले गेले. त्यातील सीझियमने चार जणांचा बळी घेतला आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत, विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० मुळे एक कामगार दगावला. दोन्ही ठिकाणी शत्रू कोणीच नव्हता. होता तो निष्काळजीपणा, आणि त्याची किंमत भंगार वेचणाऱ्या गरिबांनी मोजली. वेशीवर यंत्रे लावणारा समाज आपल्या रुग्णालयांतील व प्रयोगशाळांतील द्रव्यांचा हिशेब ठेवीत नसेल, तर तो दार लावून खिडकी उघडी ठेवतो आहे. मुळाशी जाता येते, ह्याचेही उदाहरण आहे. १९९३ च्या करारान्वये रशियाच्या अण्वस्त्रांतील ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम सौम्य करून २०१३ पर्यंत अमेरिकेच्या वीजकेंद्रांसाठी इंधन म्हणून पुरवले गेले. जे नष्ट झाले ते शोधण्यासाठी पहारेकरी लागत नाही.

आणि येथेच ह्या योजनेमागील विसंगती उघड होते. कुणाच्या तरी गाडीत दडलेला एक बाँब शोधण्यासाठी जे राष्ट्र एवढे जागे राहते, तेच आपल्या कोठारांत हजारो अण्वस्त्रे राजरोस बाळगते. १९८३ साली अमेरिकेच्या बिशपांनी अण्वस्त्रांचा धाक, निःशस्त्रीकरणाकडे नेणारी पायरी म्हणूनच आणि तोही अटींसह, सहन करण्याजोगा मानला. २०१७ च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस ह्यांनी अण्वस्त्रे बाळगण्याचाच निषेध केला. चोराच्या हातातील बाँब पाप आणि राजाच्या हातातील तोच बाँब पुण्य, असे नीतिशास्त्र आम्हांस ठाऊक नाही. त्यांच्या जबाबदारीत भेद असेल. पण ज्यांच्यावर तो पडेल त्या निरपराधांना तो भेद कळायचा नाही.

म्हणून नगराने पहारा जरूर ठेवावा, त्याच्या पगारात कुचराई करू नये, आणि त्याला सौजन्यही शिकवावे. परंतु खरा पहारेकरी नुसता वेशीबाहेर पाहत नाही. आतल्या कोठाराविषयीही तो शिंग फुंकतो. तो आवाज ऐकण्याची तयारी राज्यकर्त्यांनी, आणि त्यांना निवडून देणाऱ्या नागरिकांनी ठेवली, तरच ह्या खर्चाचे चीज होईल.