जाजलीच्या जटा, तुलाधाराचा तराजू

नाशिकच्या रामकुंडातले पाणी निफाड तालुक्यात सायखेड्याच्या पुलाखाली पोचते, तेव्हा त्याची पुण्याई बरीचशी मागेच राहिलेली असते. गुरू सिंह राशीत आला की रामकुंडावर लाखोंची रीघ लागते. २०१५ साली लागली, आता २०२६-२७च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. सायखेड्यात मात्र पर्वणी साधायला कोणी येत नाही. इथले लोक गोदावरीला गंगाच म्हणतात, पण ती लक्षात राहते पुरामुळे. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये वरच्या धरणांतून पाणी सुटले आणि सायखेडा, शेजारचे चांदोरी, दोन्ही गावांत गंगा घराघरांत शिरली.

नदी तीच, पाणी तेच. वर ते पुण्य देणारे आणि खाली ते पिठाचे डबे बुडवणारे कसे, हा प्रश्न आपल्या परंपरेने कधीच टाळलेला नाही. स्कंदपुराणाच्या काशीखंडात तीर्थांचे माहात्म्य सांगता सांगता अगस्त्य लोपामुद्रेला बजावतो की, जलचर पाण्यातच जन्मतात आणि पाण्यातच मरतात, म्हणून काही ते स्वर्गाला जात नाहीत. मग तो मानसतीर्थे सांगतो: सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दया, सरळपणा. तीर्थमाहात्म्याच्या पोथीनेच नुसत्या स्नानाला मर्यादा घालावी, यात या विचाराचा प्रामाणिकपणा आहे.

पण मग मन शांत झाले की पुण्य लाभले, असे म्हणावे का? महाभारताच्या शांतिपर्वातली जाजलीची कथा नेमकी इथेच अडवते. हा तपस्वी रानात लाकडाच्या खांबासारखा निश्चल उभा राहिला. इतका, की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली. पिल्ले निघाली, त्यांना पंख फुटले, तरी तो हलला नाही. शेवटी पाखरे उडून गेली, परतली नाहीत, तेव्हा त्याने दंड थोपटून जाहीर केले, ‘मी धर्म मिळवला.’ त्याच क्षणी त्याच्या कानी आले, की काशीच्या तुलाधार वाण्याचीही सर तुला नाही.

जाजलीने हिंसा केली नव्हती, उलट पाखरांना आसरा दिला होता. मग उणे काय राहिले? त्याची शांती स्वतःच्याच गौरवासाठी होती. पाखरे तिचे साक्षीदार होती, आणि साक्षीदार निघून जाताच त्याला टाळी हवी झाली. तुलाधार काशीच्या बाजारात मुळ्या, सुगंधी द्रव्ये आणि रस विकत बसलेला. मद्य तेवढे विकायचा नाही. त्याचे म्हणणे साधे होते: कोणाचा द्रोह न करता, निदान कमीत कमी द्रोहावर जगावे, आणि माझी तुला सगळ्यांना सारखी असावी. पुढे तो बैलांची नाके टोचून त्यांना ओझ्याला जुंपणाऱ्यांनाही सोडत नाही. शेतीवाडीच्या मुलखात हे वाचताना आजही अवघडायला होते.

तराजू स्थिर असल्याशिवाय माप खरे निघत नाही, आणि नुसता स्थिर, रिकामा टांगलेला तराजू काहीच मोजत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचे, वाणीचे आणि मनाचे अशी तपे एकापाठोपाठ येतात, त्यामागेही हेच दिसते. मनाची प्रसन्नता तिथे आचरण आणि बोलणे यांच्या पंक्तीला बसवली आहे. आचरणातून सुटलेल्या शांतीला तिथे वेगळा पाट मांडलेला नाही. भावार्थ असा, की सदाचार आणि शांती ही पुण्याची दोन वेगळी खाती नव्हेत. एक खोटे निघाले की दुसरेही बुडते.

याच गोदावरीच्या काठी, सायखेड्याच्या कितीतरी खाली, पैठणला एकनाथ होऊन गेले. स्नान करून येताना एक माणूस पुन्हा पुन्हा अंगावर थुंकतो आणि नाथ पुन्हा पुन्हा नदीवर जातात, ही आख्यायिका मराठी घरांत पाठ असते. तिच्यातली क्षमा आपण उचलतो. पण त्याच नाथांनी वाळवंटात पोळणारे अस्पृश्याचे पोर कडेवर घेतले आणि रामेश्वराला न्यायच्या कावडीतले पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले, असेही परंपरा सांगते. या दोन गोष्टी बाजूला ठेवल्या तर पहिलीतली शांती म्हणजे नुसता सोशिकपणा उरतो. स्वतःच्या अपमानाला शांत राहिलेले नाथ दुसऱ्याच्या यातनेपुढे स्वस्थ बसले नाहीत.

हा भेद विसरला की काय होते, ते नाशिकनेच पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही बंद दारांसमोर शांतपणे बसले. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वादातून त्यांच्यावर दगडफेकही झाली. आत पूजा यथासांग चालू होती. सोवळे आत होते, संयम बाहेर होता. वर्षानुवर्षे दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. अन्याय सोसणाऱ्याला शांतीचा उपदेश करणे सोपे असते. शांतीची जबाबदारी आधी त्याच्यावर येते, ज्याच्या हातात दाराची कडी आहे.

सायखेड्याचा पूर ओसरतो तेव्हाही शांती आणि सदाचाराचा हा प्रश्न बाजारपेठेत उभाच असतो. दुकानाच्या फळीवर कंबरभर उंचीची गाळाची रेघ, ओल धरलेली साखरेची पोती, वीज नाही. अशा वेळी कोरड्या राहिलेल्या काडेपेट्या आणि मेणबत्त्या कोणत्या भावाने विकायच्या, हे दुकानदार एका क्षणात ठरवतो. नुकसानीने मन पेटलेले असेल तर भरपाई पुढच्या गिऱ्हाइकाकडून वसूल होते, आणि वर त्याचे समर्थनही तयार असते. मन ठिकाणावर असेल तरच नेहमीचा भाव तोंडातून निघतो. कांद्याच्या लिलावात वांधा काढून ठरलेला भाव पाडायचा की नाही, हेही असेच क्षणात ठरते. तिथे पोथी उघडायला सवड नसते, म्हणून मनाची घडण आधीच झालेली असावी लागते. नामस्मरण, व्रत, एकादशी यांचा खरा उपयोग या आधीच्या तयारीसाठी आहे.

स्वर्ग भोगून पुण्य संपले की माणूस पुन्हा मृत्युलोकात येतो, असे गीता नवव्या अध्यायात म्हणते. म्हणजे साठवून खर्च करायचे पुण्य शेवटी सरणारच. तुलाधाराकडे असले काही शिल्लक टाकलेले नव्हते, त्याला रोज नव्याने खरे मापावे लागत होते. सिंहस्थात जरूर स्नान करावे, त्यात श्रद्धेचा आनंद आहे. पण परतल्यावर तो माणूस भाव सांगताना, हिस्सेवाटणीला बसताना किंवा हाताखालच्या माणसावर चिडताना कसा वागतो, त्यावरूनच त्या स्नानाची किंमत ठरेल. ती ठरवण्याचा हक्कही त्याचा नाही, त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचा आहे.