घेतलेले परत ठेवावे

माँटेसरीच्या वर्गात एक साधा नियम असतो. प्रत्येक साधनाचा सहसा एकच संच ठेवतात. एक मूल सोन्याच्या रंगाचे मणी घेऊन हिशेब करीत असेल, तर दुसऱ्याने थांबायचे. काम संपले की मणी पुढच्याच्या हाती लागतील असे जागेवर ठेवायचे. छडी नाही, बक्षीसही नाही. सहा ते नऊ वर्षांची मुले एकाच वर्गात बसतात. थांबणे आणि परत ठेवणे यातूनच दुसऱ्याचा हक्क त्यांना कळू लागतो.

शाळा असो वा मकतब, आम्ही मार खाऊन शिकलो. आपल्या लेकरांच्या वाट्याला तो येऊ नये म्हणून आम्ही अशी छोटी खासगी शाळा शोधतो. मुले मोजकी, फी मात्र जबर. ऐपत असलेला भरतो, नसलेला फाटकावरूनच परततो.

ही पद्धत जन्मली कुठे? १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत. आईबाप मजुरीला गेले की मागे राहिलेली पोरे भिंती खराब करीत, म्हणून इमारतीच्या मालकांना त्यांची सोय हवी होती. डॉ. मारिया माँटेसरी यांनी त्याच पोरांपासून सुरुवात केली. आपल्याकडे १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम मांडले, पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, पाने, काड्या साधने झाली. जे गरिबाच्या अंगणात फुलले, ते आज आम्ही विकत घेतो.

मग आम्ही आमचे मूल तिथून काढावे काय? तसे आम्हाला वाटत नाही. बापाच्या तत्त्वाची किंमत लेकराने का मोजावी? त्याला काढल्याने फाटकाबाहेरच्या मुलाला जागा मिळणार नाही, कारण फी तेवढीच राहील. पण म्हणून आमची सुटका होत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. संस्था चालविण्याचा आपला हक्क मोलाचाच आहे, त्यावर आमचा वाद नाही. परंतु कायद्याने सूट दिली म्हणजे विवेकानेही दिली असे होते काय? आपल्या संस्थाचालकांनी मोहल्ल्यातल्या हातगाडीवाल्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलासाठी आपणहून काही जागा ठेवल्या, तर त्यांना कोण अडवणार आहे? त्याचा खर्च आम्ही फी भरणाऱ्यांनी वाटून घ्यावा. शाळा तयार नसेल, तर रविवारी चिंचोके आणि काड्या घेऊन वस्तीत बसावे. ताराबाईंनीही अशाच साध्या साधनांनी काम केले होते.

सहा वर्षांचे मूल मणी परत जागेवर ठेवते. त्याला घ्यायला दारात उभे असलेले आपण काय परत ठेवतो?