पत्त्यावरून पारख

एका लहान संस्थेचा मेल सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळला. सभासदांना सभेची सूचना धाडली की काही मेल तिथल्या तिथे परत यायचे. सोबत ५५४ हा आकडा आणि कारणाची एक ओळ : तुमचं कनेक्शन घरगुती आहे. मजकूर कुणी उघडलेलाही नसे. आडनाव विचारून घर नाकारणाऱ्या मालकासारखंच मला ते वाटे.

पण ही पद्धत आली कशातून, तेही पाहिलं पाहिजे. डायल-अपच्या काळात स्पॅमवाले स्वस्तातलं खातं उघडत, थेट लोकांच्या सर्व्हरवर हजारोंनी मेल ओतत आणि खातं बंद झालं की दुसरं घेत. २००३ साली सोबिग व्हायरसने घराघरांतले संगणक मालकांच्या नकळत स्पॅमच्या कामाला जुंपले. खरं तर घरच्या माणसाला असा थेट मेल धाडायची गरज नसते. त्याचा मेल पासवर्ड देऊन, ५८७ नंबरच्या पोर्टवरून, सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत जातो. त्यामुळे घरगुती पत्त्यावरून २५ नंबरच्या पोर्टवर जे येई, ते बहुतेक स्पॅमच असे.

स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची पॉलिसी ब्लॉक लिस्ट याच तर्कावर उभी आहे. समजा १९२.०.२.२५ या पत्त्यावरून मेल आला, तर घेणारा सर्व्हर हे आकडे उलटे लावून, २५.२.०.१९२ असे, डीएनएसला विचारतो. उत्तर १२७.०.०.१० आलं, तर इथून थेट मेल जाऊ नये असं खुद्द इंटरनेट कंपनीनेच कळवलेलं असतं. १२७.०.०.११ आलं तर नोंद स्पॅमहाउसची. यात गुन्ह्याचा आरोप कुणावर नाही, आणि स्वतःचा सर्व्हर नीट चालवणाऱ्याला आपला स्टॅटिक पत्ता वगळायची विनंती करता येते. ही यादी मला न्याय्य वाटते.

पत्त्याच्या नावावरून बांधलेल्या अंदाजाचं मात्र तसं नाही. आम्ही जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला, तरी त्याच्या रिव्हर्स डीएनएसच्या नावात ‘डायनॅमिक’ हा शब्द तसाच राहिला. कंपनी तो बदलेना, आणि नुसतं नाव वाचून मेल नाकारणारे सर्व्हर काही कमी नव्हते. अशाने छोट्या संस्था थकतात आणि मोठ्या कंपन्यांकडे जातात. आमचीही गेली.

ज्यांच्या हाती मेल सर्व्हर आहे त्यांनी एवढं करावं : नाकारायचं तर तिथल्या तिथे, कारण देऊन नाकारावं. मेल मुकाट्याने गिळू नये, की न सांगता स्पॅमच्या फोल्डरात ढकलू नये. कारण कळलं, तर पाठवणाऱ्याला दुरुस्ती तरी करता येते.