एक अक्षर वर्ज्य

दंडीच्या संस्कृत ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त हा कुमार आपली हकिकत सांगतो ती एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारता. प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचा ओठ दुखावलाय. प, ब, म म्हणायला ओठ मिटले की कळ येते. मोरोपंतांनीही ‘निरोष्ठ रामायण’ रचलं, पण तिथे ओठाला काही झालेलं नाही. ते भक्ताचं आणि पंडिताचं सामर्थ्य. मला दंडी जवळचा वाटतो. त्याच्या बंधनाला कथेतच कारण आहे, आणि ते कारण जखम आहे.

फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकची ‘ला दिस्पारिसियों’ (‘बेपत्ता होणं’, १९६९) ही कादंबरी मी याच वाटेने वाचतो. रेमों केनो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी १९६०मध्ये पॅरिसला स्थापलेल्या ‘ऊलिपो’ या मंडळात पेरेक १९६७मध्ये आला. लेखकाने स्वतःवर कडक नियम लादून घ्यायचा आणि त्यातून काय निघतं ते पाहायचं, हे मंडळाचं काम. पेरेकने सुमारे तीनशे पानांच्या कादंबरीतून ‘ई’ हे रोमन अक्षर हद्दपार केलं. फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर हेच. कादंबरीतला अँतों व्हॉयल बेपत्ता होतो, मित्र शोध घेतात, आणि रहस्याच्या जवळ पोचणारा मरतो. रोमन वर्णमालेत ‘ई’ पाचवं, म्हणून पाचवं प्रकरणच नाही. तरी अक्षर गायब आहे हे काही समीक्षकांच्या ध्यानातही आलं नाही.

‘ई’शिवाय फ्रेंचमध्ये ‘पेर’ (वडील) लिहिता येत नाही, ‘मेर’ (आई) हा शब्दही नाही. पेरेक पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. वडील १९४०च्या जूनमध्ये फ्रान्ससाठी लढताना गेले. आईला १९४३च्या फेब्रुवारीत द्रांसीच्या छावणीतून आउशविट्झला नेलं. पुढे सरकारने तिच्याबद्दल दाखला दिला तो बेपत्ता असल्याचा. पोरक्या मुलाला आत्याने वाढवलं. हे कळल्यावर कादंबरीतली कसरत मागे पडते. एवढ्या शब्दांच्या गर्दीत त्या दोन माणसांसाठीचे हे दोन शब्द लिहिण्याची सोयच लेखकाने ठेवलेली नाही.

ऊलिपोच्या प्रत्येक पुस्तकामागे जखम शोधू नये. केनोने १९६१मध्ये दहा सुनीतांच्या ओळी सुट्या पट्ट्यांवर छापल्या. अदलाबदल करत १०० लाख कोटी सुनीतं होतात. त्या गणिताचा आनंद खराच आहे, पण मी त्या पुस्तकाकडे परत वळत नाही. पेरेककडे वळतो.

‘ला दिस्पारिसियों’ मराठीत आणायची तर काय वगळावं? स्पॅनिश अनुवादकांनी ‘ई’ राहू दिला आणि ‘ए’ (a) काढला; त्यांच्या भाषेत तोही खूप वावरतो. आपला ‘अ’ बहुधा व्यंजनातच दडलेला असतो, न लिहिताच. म्हणून मी ‘आ’ आणि त्याचा काना वगळेन, ‘ओ’चा काना-मात्रा राहू देईन. मग आई, बाबा, माय, बाप जातील. ‘वडील’ आणि ‘जननी’ उरतील, पण घरातल्या हाका संपतील. पेरेकला वाढवणारी आत्याही जाईल. ‘आहे’ जाईल, ‘नाही’ही जाईल. ‘ती गेली’ म्हणता येईल, ‘ते गेले’ही म्हणता येईल, ‘तो गेला’ मात्र कधीच नाही. ‘हरवला’, ‘मेला’, ‘नाहीसा झाला’ ही सगळी क्रियापदं अनुवादकाच्या हातून निसटतील, आणि व्हॉयलचं बेपत्ता होणं त्याला ‘तो दिसत’, ‘तो येत’ अशा अर्धवट वाक्यांतून किंवा वर्तमानकाळातून सांगत राहावं लागेल.