उच्छिष्टाचा धनी

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. ज्या घरात कोणी कधी शस्त्र उचलले नाही त्याही घरात नकळत असंख्य क्षुद्र जीवांचा नित्य संहार होतो, हे ओळखून त्याच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञांची तजवीज करणाऱ्या त्या स्मृतिकाराशी इतर अनेक बाबतींत माझा तीव्र विरोध असला, तरी या एका सूक्ष्म दृष्टीपुढे मी नतमस्तक होत आलो आहे. पेंढ्यापासून इंधन कसे होते हे समजून घेऊ लागल्यापासून ही वधस्थाने मला पुनःपुन्हा आठवतात.

भाताचा पेंढा म्हणजे वस्तुतः कुलुपात ठेवलेली साखर. त्यातील सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या शर्करेच्याच कड्यांनी बनलेल्या असतात. पण त्यांना लिग्निनचे काष्ठमय वेष्टन असल्यामुळे ते आधी आम्लाने व वाफेने सैल करावे लागते, मग बुरशीच्या विकरांनी साखळ्या तोडाव्या लागतात आणि त्यानंतरच यीस्ट त्या शर्करेचा मद्यार्क करते. ही विकरे देणारी ट्रायकोडर्मा बुरशी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती कापड कुजवताना सापडली. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून फार तर ९२ ग्रॅम मद्यार्क निघतो, बाकीचा भाग वायुरूपाने उडून जातो; आणि मद्यार्काचे प्रमाण वाढत गेले म्हणजे यीस्ट आपल्याच कर्माच्या फळाने गुदमरू लागते. त्यातूनही जे वाचते, त्याचा ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत अंत होतो.

आंबणे ही सजीवांची क्रिया आहे असे पाश्चरने १८५७ पासून आग्रहाने मांडले. पुढे १८९७ मध्ये बुखनरने यीस्ट चिरडून काढलेल्या निर्जीव रसानेही साखर आंबवून दाखविली. तेव्हा येथे हिंसा कसली, हे तर केवळ रसायन, असे कोणी म्हणेल. परंतु कारखान्याच्या टाकीत आजही जिवंत यीस्टच राबत असते, आणि त्याला वेदना नसेल एवढ्यावरून आपले ऋण फिटत नाही. स्मृतिकारानेही चूल विझवायला सांगितले नव्हते. त्याने भूतयज्ञ सांगितला, म्हणजे आपल्या अन्नातून भूतमात्रांचा हिस्सा आधी बाजूला काढावयास सांगितले.

तो हिस्सा कोणाचा, हाच खरा प्रश्न आहे. १९९१ साली फ्लोरिडा विद्यापीठातील लॉनी इन्ग्रॅम यांच्या मद्यार्क करणाऱ्या, जनुके पालटलेल्या जिवाणूसाठी अमेरिकन सरकारने ५०,००,००० व्या क्रमांकाची पेटंटची सनद दिली. मालकीची अशी सनद माणसाला मिळते. पेंढा कुजवून मातीला काळी, भुसभुशीत करणाऱ्या शिवारातील बुरशीला ती कोण देणार? तिची मात्र अनादिकालाची वहिवाट आहे. खळ्यावर रास मोजली जाण्यापूर्वी बलुतेदाराचा वाटा ठरलेला असे, तसाच हा वाटा आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात यज्ञातील उर्वरिताचे, उच्छिष्टाचे, एक संपूर्ण सूक्त आहे आणि त्या उर्वरितालाच ऋषीने विश्वाचे अधिष्ठान मानले आहे. आपण मात्र दाणे घरी आले की शेतात उरलेल्या सर्वस्वाला ‘टाकाऊ’ म्हणून मोकळे होतो.

पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालेला इंधनप्रकल्प वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी उभारला आहे. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे. त्या मुलखात भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला जेमतेम काही आठवडे उरतात, म्हणून शेतकरी पेंढा पेटवून देतात, आणि त्या धुरात माणसाचा श्वास जातो व भाजलेल्या वरच्या थरात मातीतील जीवही जातात. आपल्याकडे तोडणीनंतर उसाचे पाचट पेटते, तेव्हाही हेच घडते. अशा आगीपेक्षा कारखाना शतपटीने बरा, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण गठ्ठे बांधण्यापूर्वी उभी धसकटे छाटणारे यंत्र शेतात उतरते, त्याचे पाते जमिनीपासून किती बोटे वर ठेवायचे हे ज्याने त्याने त्या क्षणी ठरवायचे असते, आणि पात्याखाली जेवढे राहील तेवढेच त्या वर्षी मातीच्या वाट्याला येते.