कापड नवे, आवाज जुना

जीर्ण झालेल्या वस्तूचा एखादा भाग काढून तेथे नवा बसवला, तर ती वस्तू तीच राहते काय? आणि तो नवा भाग जुना भासावा म्हणून आपण कोठपर्यंत जावे? काही वर्षांपूर्वी वाराणसीत एका जुन्या रेडिओने हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. उत्तर मला लगेच सापडले नाही; ते एका वृद्ध स्त्रीने दिले.

माझ्या मित्राचे घर अमृतराव घाटाच्या जवळ आहे. हा घाट आता राजा घाट या नावाने ओळखला जातो. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०३ च्या धामधुमीनंतर इंग्रजांकडून निवृत्तिवेतन स्वीकारून ते काशीस येऊन राहिले व १८२४ मध्ये वारले. त्याच वर्षी कलकत्त्याचे बिशप हेबर काशीस आले होते. अमृतराव वर्षातील एका ठरावीक दिवशी दारी येणाऱ्यांना तांदूळ आणि रुपया वाटीत असत, असे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. सत्ता गेलेल्या या मनुष्याची आठवण एका परक्या बिशपाने लिहून ठेवली, ती त्याच्या पेशवाईसाठी नव्हे, तर त्याच्या दारी होणाऱ्या कामासाठी. पुढे जे घडले त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनात राहिली.

मित्राच्या वडिलांचा रेडिओ व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री पंडित नेहरूंचे शोकाकुल भाषण गल्लीतील माणसांनी याच पेटीभोवती उभे राहून ऐकले, असे काकू सांगत. पुढे १९५२ पासून दर बुधवारी रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमालेसाठी तीच माणसे जमू लागली. आता वडील राहिले नव्हते. घराचे छप्पर गळत होते. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी रेडिओ घेण्यास तयार होता. मात्र सर्व भाग मूळचेच असतील, तर तो जास्त पैसे देणार होता.

व्हॉल्व्ह शाबूत होते, पेटीही चांगली होती. खराब झाले होते ते स्पीकरपुढचे कापड. धूळ, ऊन आणि विडीचा धूर यांनी ते काळवंडले होते, खालच्या बाजूने फाटले होते, आणि जेथे सैल पडले होते तेथे आवाजाबरोबर फडफडत होते. या कापडाचे काम मोठे विलक्षण आहे. स्पीकरचा कागदी पडदा नाजूक असतो. त्याला धूळ व बोटे लागू नयेत म्हणून कापडाने आड यायचे, आणि त्याच वेळी पडद्याने हलवलेली हवा मात्र मुळीच अडवायची नाही.

बनारसमध्ये जरीच्या कापडाला काय तोटा? जुन्या रेडिओंच्या कापडातही चमकणारा धागा विणलेला असे. मित्राने मोठ्या हौसेने किनखाबाचा एक तुकडा आणला. दुरुस्तीस आलेल्या वृद्ध कारागिराने तो ओठांशी धरून फुंकर मारली. श्वास पलीकडे गेला नाही. त्याने तुकडा घडी करून परत दिला आणि विरळ विणीचे साधे सुती कापड निवडले. ते त्याने आधी धुतले, वाळवले, इस्त्री केले; कारण कोरे कापड फळीवर ताणून बसवले आणि पुढे आटले, तर ते कडेने सुटते किंवा वेडेवाकडे ओढले जाते. ओल्या, गरम फडक्याने जुना सरस मऊ करून त्याने फळी स्वच्छ केली. धागे कडेशी सरळ आहेत, हे पाहून कापड चहूबाजूंनी सारखे ताणले. नवा सरस फक्त कडेला लावला. भोकासमोर लागला असता तर विणीची छिद्रे बुजली असती.

मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दाखला आहे. त्याचा अर्थ शिवणकामापुरता नाही, हे आपण जाणतो. तरीही तो सांगणाऱ्याला कापड आटते हे ठाऊक होते, आणि या कारागिरालाही ते ठाऊक होते. नव्याने जुन्याशी नाते जोडायचे तर नव्याला आधी पाण्यातून जावे लागते.

काम संपले. पण ते शुभ्र कापड त्या काळसर पेटीवर डोळ्यांना खुपत होते. तेव्हा मी सुचवले, "चहाच्या पाण्यात बुडवले असते, तर मूळचेच वाटले असते. अजूनही चहाचा हात फिरवता येईल."

काकू शांतपणे म्हणाल्या, "डोळ्यांना बरे दिसावे म्हणून रंगवायचे असेल तर रंगव. पण त्या व्यापाऱ्याला काय सांगणार आहेस, ते आधी मला सांग."

मी निरुत्तर झालो. कारण माझ्या मनात डोळ्यांचे सुख नव्हते, व्यापाऱ्याची किंमत होती. चहा तोच, कापड तेच. परंतु एका हेतूने ती शोभा होती आणि दुसऱ्या हेतूने ती खोटी साक्ष. जुने बदलण्यात अपराध नाही. जे झिजले ते सेवा करून झिजले, आणि त्याच्या जागी दुसरे येणे हा सेवेचाच क्रम आहे. अपराध आहे तो नव्याने जुन्याचे वय चोरण्यात. आणि किनखाब तरी काय करीत होता? तो खोटे बोलत नव्हता, पण आपल्या वैभवाखाली आवाज कोंडत होता. आपण ज्या पदांवर, ज्या घरांत, ज्या संस्थांत पूर्वजांच्या जागी येऊन बसतो, तेथे हे दोन्ही मोह आपल्याला भेटतात: कधी आपण जुने असल्याचा आव आणतो, तर कधी आपल्या झगमगाटाने मूळ आवाजच बंद करतो.

व्यापारी आला तेव्हा कापड नवे आहे, हे काकूंनी किमतीची बोलणी सुरू होण्यापूर्वीच सांगितले. किंमत उतरली. छपराचे अर्धेच काम त्या पैशांत झाले. उरलेल्या अर्ध्यावर पुढचा पावसाळा प्लॅस्टिक अंथरून काढावा लागला. हा तोटा खरा होता आणि तो मी लहान करून सांगू इच्छित नाही.

रेडिओ नेण्यापूर्वी काकूंनी तो एकदा लावायला सांगितला. फडफड गेली होती. निवेदकाचा आवाज स्वच्छ आला. मग त्यांनी जुन्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा कापला, त्यावर बदलल्याची तारीख लिहिली आणि पेटीच्या आत, मागच्या फळीला चिकटवला. पुढे जो कोणी ती पेटी उघडील, त्याला खरे काय ते कळेल.