झाकलेला दोष

डोळ्यांआड केलेल्या कामाचा जाब कोणास द्यावयाचा, हा प्रश्न उपासनामंदिरात जितका निघतो तितकाच तो गॅरेजातही निघतो. जुन्या जीपगाडीच्या पुढच्या आसाची दुरुस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांस आमचे म्हणणे सहज पटेल.

विलिस जीप १९४१ सालापासून अमेरिकी सैन्यासाठी बनू लागली, आणि पुढे महिंद्र कंपनीने ती मुंबईत जुळविण्यास आरंभ केला. तिच्या चारही चाकांस इंजिनाचा जोर देता येतो. प्रत्येक आसावर एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या आत पिनियन नावाचे लहान दंतचक्र क्राउन नावाच्या मोठ्या चक्रास फिरविते. तेथेच डिफरेन्शिअलची योजना असते. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावे लागते, ते हिच्यामुळे साधते. त्या दोन चक्रांच्या दातांमधील मोकळीक इंचाच्या सहस्रांशांनी मोजतात. मिस्त्री पातळ चकत्या घालून वा काढून ती साधतो, दातांस रंग फासून चक्र फिरवितो, आणि ठसा दाताच्या मध्यावर उमटला की नाही हे पाहतो. तो कडेला गेला तर सर्व उकलून पुनः आरंभ करावा लागतो.

परंतु साध्या रस्त्यावर पुढच्या आसास जोर दिलेला नसतो. यास्तव तेथील दोष महिनोन्महिने लपून राहतो, व पावसाळ्यात चिखलाच्या चढावर, जेव्हा त्या आसावाचून गत्यंतर नसते, तेव्हाच उघडा पडतो. शिवाय एक जुनी लबाडी पुष्कळांस ठाऊक आहे. झिजलेली चक्रे घुरघुरू लागली की तेलात लाकडाचा भुसा मिसळतात. आवाज काही दिवस दबतो, गाडी विकली जाते, आणि आतली झीज मात्र वाढतच जाते.

कोणी म्हणेल, मालक गरीब आहे. नव्या चक्रांचा खर्च त्यास कोठून झेपणार? तात्पुरते भागविणे ही दयाच नव्हे काय? आम्हांस वाटते, दया व लबाडी यांतील भेद येथेच ओळखावा. "चक्रे झिजली आहेत, चढावर भरवसा धरू नका," असे सांगून थोडक्यात भागविणे ही दया होय. न सांगता भागविणे ही चोरी होय. गरिबाजवळ पैसा थोडा असेल, पण सत्य जाणण्याचा त्याचा हक्क थोडा नाही. आणि त्या गाडीतून रात्री दवाखान्याकडे निघालेली आजारी बाई तर या सौद्यात मुळीच सामील नव्हती. तिच्या वतीने मिस्त्रीशी कोण बोलणार?

तिच्या वतीने देव बोलतो. कच्च्या भिंतीस चुना फासणाऱ्यांस यहेज्केल संदेष्ट्याने दोष दिला तो याचसाठी, की पाऊस आला म्हणजे चुना भिंतीस धरून ठेवीत नाही.

वाचकहो, हा बोध केवळ मिस्त्र्यांस नाही. आमच्या अंतःकरणातही घुरघुराट होतो. तेव्हा आम्ही एखादे दान देतो, एखादे गीत मोठ्याने गातो, आणि आवाज दबला म्हणून शांती मिळाली असे समजतो. तो भुसाच होय. खरी शांती हवी असेल तर गोळा उघडावा, दातांस रंग लावावा, आणि ठसा कोठे उमटतो ते प्रभूच्या उजेडात पाहावे. उकलणे लाजिरवाणे वाटेल, पण पाऊस येण्यापूर्वीच ते करावे.